नवा रोज आणि देवणीची बस

…न्हाई न्हाई, तुम्ही बसा की इथं, सरकते मी, पिशवी काय मांडीवर घेते, पिशवीला काय वेगळी जागा लागतीय का! आन् ह्याच्यात काय न्हाई बगा, एक लुगडं हाय, इरकली, बाकी काय न्हाई… तर काय म्हणून राहिले होते मी? हां, रोज! सरकारनं रोज वाढवला. आता रोज वाढला ते चांगलंच झालं, मी कुठं न्हाई म्हणून राहिले? पण तुम्हाला सांगते दादा, त्या वाढलेल्या रोजानं माझं जे केलं ना, ते दुश्मनाचं होऊ नये. इथं स्टँडवर पेपर विकणारं ते पोरगं बातमी वाचून मला म्हणतंय, ‘मावशी, मजा हाय तुमची!’ मजा! अरे बाबा, मजा असती तर मी सुट्टीच्या दिवशी ह्या उदगीरच्या स्टँडवर येऊन माशा मारत बसले असते का?

मी सरजाबाई. इथंच, त्या अडतीच्या मागं एक डाळमिल हाय गुरुबसप्पा मालकाची, तिथं बावीस वर्षं झाली डाळ निवडते. निवडते म्हणजे? तुम्ही वरण खाता, दाताखाली खडा येतो का? न्हाई ना? मग! ते काय देवाच्या दयेनं न्हाई होत, आमच्या बोटांनी होतं! बारा बाया होतो आम्ही. लांबलचक शेड, खाली पोती अंथरलेली, दोघी-दोघीत एक ढीग, समोरासमोर बसायचं आन् काळा दाणा, खडा, काडी, वेचून बाजूला. माझ्यासमोर लक्ष्मम्मा. बावीस वर्षं! माझ्या नवऱ्याचं तोंड मी इतकं बघितलं न्हाई जितकं लक्ष्मम्माचं बघितलं… आन् खरं बोलायचं तर बघावं असं बी तिचंच होतं.

लक्ष्मम्मा तिकडची, बिदरकडची, कानडी. नवरा तरणाच गेला, एक लेक, दानम्मा, ती दिली देवणीला. दिवसाकाठी चार शब्द बोलायची बाई. आन् त्या चारातले दोन ‘होगली बिडु’, म्हणजे जाऊ दे, सोड. मुकादम ओरडला, होगली बिडु. चहा सांडला, होगली बिडु. आन् मी? तुम्ही ऐकूनच राहिले! तोंड बंद ठेवलं तर मला ढेकर येतात. मी बोलायची, ती निवडायची. ढिगाकडं बघायची बी न्हाई, डोळे माझ्याकडं आन् हात डाळीत, खडा आपला येऊन तिच्या बोटाला चिकटायचा! आन् तवा आमचा हिशेब कट्ट्यावर, म्हणजे भरलेल्या पोत्यावर होता, जितके कट्टे तितके पैसे, जोडीत अर्धे-अर्धे. आता दादा, जोडीतली एक जर दिवसभर बोलून राहिली तर कट्टे कुणी भरले? …जाऊ द्या. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

तर मागच्या साली आमच्यात एक नवी पोरगी आली, तनुजा. बारावी शिकलेली, कानात दोरी, हातात मोबाईल. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती म्हणते, ‘मावशी, सरकारनं किमान वेतन वाढवलंय. तुम्हाला तर जुन्याच्या बी खाली भेटून राहिलंय!’ मी म्हणलं, वाच. तिनं वाचलं. मी म्हणलं, परत वाच. माझी भाकर तशीच राहिली बगा! आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय, सकाळी त्यांच्याकडं बघून मी कामाला निघते. आता कायद्यात लिहिलंय आन् सरजाबाई गप्प बसती असं होईल का? मी उठले. बाकीच्या अकरा जणी म्हणाय लागल्या, ‘सरजाबाई, तुम्ही पुढं व्हा, आम्ही मागं हाव.’ मागं म्हणजे किती मागं? मालकाच्या ऑफिसच्या दारात वळून बघितलं तर एकटी लक्ष्मम्मा! ती बी कामून आली, तर मी चप्पल शेडमधीच विसरले होते, ती घेऊन आली होती.

मालकाला मी सगळा कायदा तोंडपाठ म्हणून दाखवला. मला वाटलं भांडण होईल, मी पदर खोचून तयार! मालक काय म्हणले? चष्मा काढला, पुसला, ‘बरोबर हाय सरजाबाई. कायदा हाय तर देतो. पुढच्या महिन्यापासून.’ …आँ? झालं? मी तर अजून निम्म्यावर बी आले नव्हते! आन् वर माणूस खरं बोलला बगा, म्हणला, ‘फक्त एक ऐका. लातूरच्या मिलवाल्यांनी कधीच कॅमेऱ्याची मशीन घेतली, त्यांची डाळ माझ्यापेक्षा स्वस्त सुटते. मी घेतली न्हाई, कामून? तर मशीनच्या हप्त्यापेक्षा तुमचा रोज कमी पडत होता. आता तो जास्त झाला. मी बी धंदाच करतो, बाई.’ मी म्हणलं, करा की मालक, धंदा करा, कोण न्हाई म्हणतंय! मला कुठं ऐकायला येत होतं? माझ्या कानात नुसता नवा रोज वाजून राहिला होता. मालक वाईट माणूस असता ना दादा, तर बरं झालं असतं. शिव्या देऊन मोकळी झाले असते. चांगल्या माणसाला शिव्या बी देता येत न्हाईत, सगळ्या पोटात राहतात.

रोज वाढला ते चांगलंच झालं, मी कुठं न्हाई म्हणून राहिले? पहिला पगार हातात आला, दीडपट! मी तीनदा मोजला. लक्ष्मम्मानं मोजलाच न्हाई, नुसता हातात धरून बसली, कबुतर धरल्यागत. म्हणली, ‘सरजा, ह्या दिवाळीला दोघी सारखं लुगडं घेऊ. इरकली. हिरवं.’ बावीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट! मी म्हणलं, दोन घेऊ, चार घेऊ! …आन् मग सुरू झालं. माझा रोज वाढला ही खबर माझ्या नवऱ्याच्या आधी घरमालकाला लागली. दारात हजर! ‘सरजाबाई, सरकारनं तुमचं बघितलं, आता तुम्ही आमचं बघा.’ भाडं वाढलं. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणतो, ‘माझ्या माणसांचा बी रोज वाढला, चहा दोन रुपयांनी वर.’ मी म्हणलं, अरे, माझा रोज तुझ्या माणसांनी खाल्ला, तुझ्या माणसांचा कोण खातंय? म्हणतो, ‘किराणावाला!’ आन् वर आणखी गंमत, ती कालची पोरगी तनुजा आन् मी बावीस वर्षांची जुनी, दोघींचा रोज एकच! मी मालकाला म्हणलं, माझ्या बावीस वर्षांचं काय? मालक म्हणले, ‘बाई, कायद्यात लिहिलेलं तुम्हीच मला म्हणून दाखवलंय.’

आन् चहाची सुट्टी! आधी कट्ट्यावर पैसे, तर पाय पसरून अर्धा तास बसा, कोण विचारतंय. आता रोजावर, तर मुकादम घड्याळ धरून, ‘चला, दहा मिनिटं झाली!’ तरी मी म्हणायची, होऊ दे, हक्काचा पैसा हाय, त्याला नियम आलाच. लक्ष्मम्मा म्हणायची, होगली बिडु.

मग दसऱ्याच्या आधी आली ती मशीन. ही एवढी उंच, पांढरीफेक, हमाल चौदा लागले उतरवाय. तामिळनाडूकडचा एक इंजिनिअर आला, चार दिवस नटबोल्ट करत बसला. मालक म्हणले, ‘तुमचं काम हलकं होईल.’ आम्ही खूश! बिनडोक बाया, आम्हाला वाटलं ती चाळून देईल आन् आम्ही निवडू. लक्ष्मम्मा त्या इंजिनिअरच्या मागं-मागं, आन् त्याला विचारते कसं, तर हातानं डोळा दाखवून, ‘हिचा डोळा कुठं?’ त्यानं आतलं छोटं दार उघडून काच दाखवली. ‘अम्मा, इधर से देखता है. काला दाना दिखा, तो हवा मारके फेंकता है.’ लक्ष्मम्मा त्या काचेकडं बघतच राहिली. मला येऊन म्हणली, ‘दिवसभर बघणार ग बिचारी. डोळे दुखतील.’

इंजिनिअर सणाला गावाकडं गेला आन् आली खंडेनवमी. आता तुम्हाला माहिताय, त्या दिवशी कामाच्या वस्तू पुजतात, सूप, चाळणी, काटा, सगळं धुऊन-पुसून हळद-कुंकू. आमच्यात न्हाई ते, आमचा दुसऱ्या दिवशी धम्मचक्र दिन; मी आपली लांब बसून शेंगदाणे खात होते. लक्ष्मम्मा पुजेला पुढं. आन् तिचं कुंकू म्हणजे साधं न्हाई, तेलात कालवलेलं, लावलं की आठ दिवस हलायचं न्हाई. सुपाला लावलं, काट्याला लावलं, मशीनला बाहेरून पाच बोटं लावली… आन् मग ते छोटं दार उघडून आत हात घातला. मी म्हणलं, अगं आत काय करतीस? म्हणते, ‘डोळ्याला लावते. नजर लागू नये.’ आन् लावलं की काचेला! चांगलं जाडजूड! नारळ फोडला, मशीनला घास भरवला, म्हणली, ‘सुखानं राहा माय.’

दसरा झाला, मशीन सुरू केली. अरे देवा रे देवा! तिला आतून काच पुसायचं एक फडकं होतं म्हणे आपोआप फिरणारं, ते फिरलं, कुंकू सगळीकडं सारवलं, आन् त्या बयेला पिवळी डाळ सगळी लाल दिसाय लागली! फस् फस् फस्, सगळी डाळ खराब म्हणून फेकली! एक दाणा पास न्हाई! चांगली, सोन्यासारखी डाळ, ढीगच्या ढीग बाहेर! मालक डोकं धरून बसले. तवा तोंडातून निघालं त्यांच्या, ‘नीट चालली असती तर बारा बायांचं काम एका घंट्यात झालं असतं.’ आम्ही मोजलं. किती जणी हाव आपण? बारा. परत मोजलं. बाराच! तनुजानं कानातली दोरी काढली.

तवा मला कळलं हो, लाल का दिसून राहिलं. मी बघितलं होतं ना लांबनं! मी बायांना कोपऱ्यात घेतलं, म्हणलं, खबरदार, कुणी तोंड उघडलं तर. कुंकवानं वाचवलंय आपल्याला. मी! जलमात कुंकवाची बाजू घेतली न्हाई, ती मी! तीन दिवस मशीन फेकत राहिली, तीन दिवस आम्ही तिनं फेकलेली चांगली डाळ परत गोळा केली. मालक फोन लावायचे, तिकडून इंजिनिअर विचारायचा, काच साफ है क्या? मालक ओरडायचे, ‘अरे, कोरी मशीन है, काच कैसे गंदी होगी!’ आन् आम्ही इकडं तोंडात पदर. भजी आणली, वर्गणी काढून! ‘मशीन नापास’ म्हणून खाल्ली! शुक्रवारी मालक म्हणले, ‘बस्स. उद्याच्या गाडीनं परत पाठवतो. बायाच बऱ्या.’ दादा, तुम्हाला सांगते, ‘बायाच बऱ्या’ हे शब्द ऐकून मला जे वाटलं ते लग्नात बी वाटलं न्हाई.

सगळ्या हसून राहिल्या, लक्ष्मम्मा भजी खाईना. म्हणली, ‘सरजा, मालकाचं तोंड बघवेना ग. माझ्या कुंकवानं त्याचं वाटोळं.’ मी म्हणलं, त्याचं तोंड काय बघतीस, आपलं पोट बघ! असं म्हणले मी, आता न्हाई कशाला म्हणू? पाया पडायचीच काय ती राहिले तिच्या! तिनं नेहमीसारखं होगली बिडु म्हणावं म्हणून वाट बघत राहिले. म्हणलीच न्हाई.

शनिवारी गाडी आली, हमालांनी दोर टाकले. आन् लक्ष्मम्मा उठली. हाताची डाळ झटकली, सरळ गेली, म्हणली, ‘मालक, थांबा. आत माझं कुंकू हाय.’ छोटं दार उघडलं, पदराचं टोक रॉकेलात बुडवलं आन् पुसाय लागली. सावकाश. कोपरा न् कोपरा. लेकराचं तोंड पुसावं तसं. आम्ही अकरा जणी पुतळ्यागत. दोर सोडले, बटन दाबलं. पिवळी डाळ एकीकडं, काळे दाणे एकीकडं… इतकी साफ डाळ, इतकी साफ डाळ, दादा, मी बावीस वर्षांत बघितली न्हाई. लक्ष्मम्मा हात लावून बघती, डोळ्याजवळ नेती, आन् माझ्याकडं वळून काय म्हणली माहिताय? ‘चांगलं निवडती ग.’

दिवाळीपर्यंत मालकानं ठेवलं, बोनस दिला, नियमानं जे द्यायचं ते सगळं दिलं. मग एकेक निघाल्या. कुणी बांधकामावर, कुणी सोयाबीनला. तनुजाचं भलं झालं, लातूरला कापडाच्या दुकानात लागली, नव्या दरानं, फोन करून मला म्हणते, ‘मावशी, हक्कानं रोज मागायला तुम्ही शिकवलं!’ रोज वाढला ते चांगलंच झालं, मी कुठं न्हाई म्हणून राहिले?

पण ती मशीन जे फेकती ना, त्यात थोडी चांगली डाळ बी जाती. ती निवडाय एक बाई पाहिजे. एकच. मालकानं आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. माझ्याकडं न बघताच म्हणले, ‘लक्ष्मम्मा, तुम्ही राहा. तुमच्यासारखी नजर न्हाई, आन् तुमच्यासारखं इमान बी न्हाई.’ खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. लक्ष्मम्मानं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला माहीत होतं, माझा नवरा रामकिशन हमाली करून पाठ मोडून घरी पडलाय, पोराची फी हाय, भाडं वाढलंय. आन् ती मालकाला म्हणली, ‘मला दिसत न्हाई आता, मालक. मोतीबिंदू झालाय दोन्ही डोळ्यांत. सरजाला ठेवा. मला लेक हाय.’

मोतीबिंदू! आदल्या दिवशी माझ्या सुईत दोरा तिनं ओवला होता! एका दमात! मी तिथंच उभी, हाताच्या अंतरावर. तीन शब्द बोलायचे होते फक्त, ‘खोटं बोलती ही.’ तीन! मी, सरजाबाई, जिनं मालकाला सगळा कायदा म्हणून दाखवला, जिचं तोंड बंद राहिलं तर ढेकर येतात, ती… मी गप्प बसले, दादा. बावीस वर्षांत एकदाच गप्प बसले, आन् तवाच बसायचं नव्हतं. मालक म्हणले, ‘बरं.’ बाहेर आल्यावर मी रडाय लागले, तर तीच मला म्हणती, होगली बिडु.

आता शेडमध्ये मी एकटी. बारा जणींची शेड! समोर मशीन. मी बोलते तिच्याशी, सवय जाती का? मी एक म्हणलं की ती फस् म्हणती. कॅमेरा लई तेज हाय म्हणे, एक काळा दाणा सोडत न्हाई. वर्ष होत आलं मी तिच्या डोळ्यापुढं बसून, मला काय अजून तिनं फेकलं न्हाई.

लुगडी मी दोन्ही घेतली, दिवाळीतच. सारखी, हिरवी. माझं मी नेसले न्हाई अजून. तिचं हे, ह्या पिशवीत. दर सुट्टीला घेऊन येते इथं, देवणीच्या गाडीत बसायचं, तिच्या दारात जायचं, म्हणायचं… काय म्हणायचं? तेच सुचत न्हाई. मला! सुचत न्हाई! दानम्मा सांगत होती फोनवर, आई शेतात शेंगा वेचती, दिवसभर बोलत न्हाई, पण अधूनमधून मान वर करून समोर बघती, कुणी बसलंय का ते.

…लागली का देवणीची? हां, तीच ती. चला चला, तुम्ही चढा, जागा धरा खिडकीची. मी? न्हाई बाई, मी पुढच्या सुट्टीला जाईन. घाई काय हाय, आता सुट्टीचा बी पगार मिळतो. रोज वाढला ते चांगलंच झालं… मी कुठं काय म्हणून राहिले?